शालेय आपत्ती व्यवस्थापन : भिलाईसारख्या पोलादनगरीपुढील प्रश्न

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे शहर पोलाद प्रकल्पाभोवती वसले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या प्रकल्पातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. कामगारांसाठी सेक्टरनिहाय वसाहती बांधण्यात आल्या आणि त्यांच्याबरोबरच शाळाही उभ्या राहिल्या. त्यामुळे येथे शालेय सुरक्षेचा विचार करताना आग, भूकंप आणि पूर या नेहमीच्या संकटांखेरीज वायुगळतीचीही दखल घ्यावी लागते.

प्रकल्पातील दोन दुर्घटनांवरून या धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. 12 जून 2014 रोजी पंपगृहातील पाण्याचा दाब घटल्यानंतर विषारी वायू पसरला आणि त्यात दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा मृत्यू झाला. 9 ऑक्टोबर 2018 रोजी देखभालीचे काम सुरू असताना कोक भट्टीच्या वायुवाहिनीत स्फोट होऊन दहाहून अधिक कर्मचारी दगावले. दोन्ही घटना कारखान्याच्या आवारात घडल्या. मात्र अशा प्रसंगी वायू आवाराबाहेर गेला तर काय करायचे, हे शाळांनी आधीच ठरवून ठेवणे आवश्यक ठरते.

झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण साधारणतः एक पंचमांश किंवा त्याहून अधिक असते. या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. श्वसनाचा वेग जास्त असल्याने लहान मुलांवर त्याचा परिणाम लवकर होतो. डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही त्याची प्रारंभिक लक्षणे आहेत. छत्तीसगडच्या कडक उन्हाळ्यात ही लक्षणे उष्माघाताची किंवा अन्नबाधेची समजली जाण्याची शक्यता मोठी असते. एकाच वर्गातील अनेक मुलांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला, तर शिक्षकांच्या मनात प्रथम वायुगळतीची शंका यायला हवी.

येथेच शाळांच्या नेहमीच्या रंगीत तालमीची मर्यादा दिसते. आगीच्या तालमीत घंटा वाजताच वर्ग रिकामे करून मुलांना मैदानात रांगेने उभे केले जाते. वायुगळतीच्या वेळी तेच मैदान घातक ठरू शकते. अशा वेळी दारे-खिडक्या बंद करून, पंखे व वातानुकूलन थांबवून सूचनेची वाट पाहायची असते. बाहेर पडण्याचा आदेश आलाच, तर वाऱ्याच्या दिशेला आडवे जाऊन दूर व्हायचे असते. जलशुद्धीकरणासाठी वापरला जाणारा क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या गळतीत वरचा मजला तुलनेने सुरक्षित असतो. तोंडावर धरलेल्या ओल्या रुमालाने क्लोरीनपासून काही अंशी संरक्षण मिळते, कार्बन मोनॉक्साइडपासून मात्र मुळीच नाही. त्यामुळे दोन्ही संकटांसाठी एकच घंटा पुरेशी नाही, भोंग्याचे वेगवेगळे संकेत ठरवावे लागतात.

कायद्यात यासाठी आधार आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात सुधारणा झाली. त्यानंतर 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार कारखान्याच्या आवारातील आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी व्यवस्थापनावर, तर आवाराबाहेरील आराखड्याची जबाबदारी जिल्हा यंत्रणेवर टाकण्यात आली. परिसरातील रहिवाशांना धोक्याची व बचावाची माहिती देणेही व्यवस्थापनावर बंधनकारक आहे. त्यामुळे ही माहिती मागणे हा परिसरातील शाळांचा हक्क ठरतो. मुख्याध्यापकांना त्याची कल्पना असतेच असे नाही.

शालेय सुरक्षेची राष्ट्रीय चौकट मात्र प्रामुख्याने अन्य दुर्घटनांतून घडली. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे 16 जुलै 2004 रोजी शाळेला लागलेल्या आगीत 94 बालकांचा बळी गेला. या घटनेनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 रोजी निर्णय देऊन सुरक्षित शाळेला शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा भाग मानले. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाने फेब्रुवारी 2016 मध्ये शालेय सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक शाळेचा स्वतंत्र आराखडा आणि ठरावीक काळाने तालीम यांवर त्यांत भर आहे.

भिलाईत या आराखड्याला आणखी एका अडचणीचा विचार करावा लागतो. अनेक विद्यार्थ्यांचे पालक प्रकल्पातच कामाला असतात. दुर्घटना घडली तर ते आत अडकलेले, बचावकार्यात गुंतलेले किंवा स्वतः जखमी असू शकतात. अशा वेळी मूल कोणाच्या हवाली करायचे, हे हजेरीपटासोबत ठेवायच्या यादीत आधीच नोंदवलेले असावे लागते आणि त्या यादीत कारखान्याबाहेरील किमान एका नातलगाचे वा शेजाऱ्याचे नाव हवे. सर्व पालक एकाच वेळी वाहने घेऊन शाळेकडे धावले, तर रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्यांचा मार्ग अडतो. म्हणून मुलांना नेण्याचे ठिकाण शाळेच्या फाटकापासून दूर ठरवून, ते वर्षारंभीच्या पालकसभेत सांगणे हितावह असते. चालता न येणाऱ्या विद्यार्थ्यासोबत कोण राहील, याचीही नावानिशी नोंद हवी. बदलीवर गेलेल्या शिक्षकाचे नाव त्या यादीत तसेच राहिले, तर प्रत्यक्ष वेळी त्या मुलाजवळ कोणीच नसते.