‘ध’चा ‘मा’, मुक्काम कोपरगाव

आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी मला, “तू गाढव आहेस,” असे डायरेक्ट स्पीचमध्ये सुनावले. घरी येऊन मी वडिलांना म्हटले, “सर म्हणाले की मी गाढव आहे.” वडिलांनी पेपरातून डोके वर न काढता विचारले, “म्हणजे नक्की कोण?”

इंग्रजीत हा घोटाळा होत नाही. अवतरणचिन्हे काढली की ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘इज’चा ‘वॉज’ होतो आणि ‘टुमारो’ बिचारा ‘द नेक्स्ट डे’ होऊन बसतो. आपण मात्र दुसऱ्याचा ‘मी’ उचलून जसाच्या तसा पुढे ठेवतो. जुन्या मोडी पत्रांत तर अवतरणचिन्हे नव्हतीच, शब्दही एकमेकांना चिकटलेले. कोणाचे बोलणे कुठे संपले हे ‘ऐसें’ किंवा ‘म्हणोन’ आले की समजायचे. मराठीत विरामचिन्हे रुजवली ती १९व्या शतकात मेजर कँडीसाहेबांनी.

पण त्याआधीच निरोपानिरोपीतला सर्वांत गाजलेला घोटाळा होऊन गेला होता, आणि त्यातले मुख्य पात्र शेवटी आमच्या कोपरगावात येऊन राहिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. आख्यायिका अशी की, राघोबादादांच्या हुकमात ‘धरावे’ होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. इतिहासाचे अभ्यासक याला भक्कम पुरावा नाही म्हणतात. रामशास्त्र्यांनी मात्र दोष दादांच्याच पदरात घातला. १७८२च्या सालबाईच्या तहानंतर दादा कोपरगावी आले आणि १७८३च्या डिसेंबरात इथेच वारले.

गोदाकाठी फिरायला गेलो की मला वाटते, व्याकरणाच्या पुस्तकाने खरा नियम सांगितलाच नाही. सर्वनाम बदला, काळ बदला, ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ करा. पण बोलणाऱ्याचे क्रियापद तेवढे बदलू नका!

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. बँकेत एक शेतकरी म्हशीच्या कर्जासाठी खेटे घालत होता. साहेबांना विचारले, तर ते म्हणाले, “बघतो.” बाहेर त्याचा उतरलेला चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेले, “साहेब देतो म्हणाले.” एका अक्षराचाही नाही, चांगला अख्ख्या शब्दाचा फरक! त्याने त्याच दिवशी म्हशीचा इसार दिला. पुढे कर्ज नामंजूर झाले आणि इसार बुडाला. मी पैसे देऊ लागलो तर त्याने घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही चांगल्यासाठीच बोललात. पण पुढच्या टायमाला साहेबांचंच बोलणं सांगा.”

तेव्हापासून काउंटरवर मी अवतरणचिन्हांसकट बोलतो. “साहेब म्हणाले, ‘बघतो’.”

“म्हंजी देतील ना?” समोरचा विचारतो.

गप्प बसतो झालं. आनंदीबाईंवरचा आळ खरा असो की खोटा, अडीचशे वर्षांत पुसला गेलेला नाही. मला तर अजून रिटायर व्हायचे आहे.