चर्चगेटचं चर्च

‘चर्चगेट’ म्हणताना आपण कोणत्या चर्चचं नाव घेतो? मुंबईच्या कोटाचा तो दरवाजा १८६०च्या दशकात तटासह पाडला गेला. पण ज्या सेंट थॉमस चर्चवरून त्याला नाव मिळालं, ते फोर्टमध्ये आजही उभं आहे. अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच होत्या. पाद्री रिचर्ड कॉब यांनी वर्गणी जमवली आणि १७१८च्या नाताळात तिथं प्रार्थना सुरू झाली.

मुंबईत आलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं तेव्हा म्हणत. आतल्या स्मृतिशिलांवर ऐन तारुण्यात गेलेल्यांची नावं आहेत. ते सत्ता गाजवायला आले, हे मी विसरत नाही. तरी त्या शिला वाचताना मला, एका मुसलमानाला, कब्रस्तानात निजलेली आपलीच माणसं आठवतात.