नळाच्या पाण्यातला शोध

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॉ. सिडनी रिंगर यांनी १८८२ साली लिहिले की, बेडकाचे काढून घेतलेले हृदय खारट द्रावणावर चालते. मागाहून त्यांना कळले, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेले होते. ऊर्ध्वपातित पाणी घेताच हृदय मंदावले! नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. प्रयोगशाळेतल्या गड्याने खटाटोप टाळला, अशी कथा पुढे सांगितली गेली. कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला दिसते ते एवढेच की, १८८३ च्या निबंधात पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे नाव आहे, गड्याचे नाही.

१८९४ साली लॉक यांना आढळले की, कॅल्शियमवाचून बेडकाच्या मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचतच नाही. का, हे कळायला सत्तर वर्षे लागली. नाझी जर्मनी सोडून आलेले बर्नार्ड कॅट्झ आणि मेक्सिकोचे रिकार्डो मिलेदी यांनी रिंगरच्याच कॉलेजात १९६५ च्या सुमारास ते उलगडले. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने दहा हजारांत एक हिस्सा. विद्युत्‌स्पंद तंतूच्या टोकाशी येताच दारे उघडतात, कॅल्शियम आत घुसते, इवल्या पिशव्यांतले रसायन बाहेर सांडते आणि स्नायू आखडतो. घण उचलणाऱ्या दंडातही हेच घडते.