रायगड किनाऱ्यावरील चलन व राजसत्ता
भिन्न राजसत्तांखालील प्रदेशांत एकच नाणे, किंवा निदान एकाच मानाचे नाणे, सर्वमान्य असणे यास चलनैक्य म्हणता येईल. व्यापाराला ते सोयीचे असते. परंतु नाणे पाडणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण मानले गेल्यामुळे राजकारणाशी त्याचा वारंवार खटका उडतो. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचा किनारा हे त्याचे बोलके उदाहरण होय. सतराव्या-अठराव्या शतकांत या चिंचोळ्या पट्टीत व तिच्या शेजारी मुंबईस इंग्रज, चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीज (१७४० पर्यंत), जंजिऱ्यास सिद्दी व कुलाब्यास आंग्रे अशा सत्ता नांदत होत्या; रायगड ही तर मराठी राज्याची राजधानीच होती.

बाजारात दक्षिणी होन, मोगली रुपया, इराणी आखाताकडून आलेली वाकविलेल्या चांदीच्या तारेची लारी, पोर्तुगीज नाणी आणि तांब्याची शिवराई ही सर्व एकाच वेळी चालत. सराफ प्रत्येकाचा कस व वजन पाहून बट्टा कापीत. या गर्दीत मोगली रुपयाचा उत्तम कस हाच हळूहळू सर्वांचा मापदंड झाला. पेशवाईतील अंकुशी रुपया व कंपनीचा मुंबई रुपया या दोहोंवरही दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. बादशाही निष्प्रभ झाली, तरी तिच्या नाण्याची पत टिकून होती. कोणताही तह न होता घडून आलेले हे एक प्रकारचे चलनैक्यच होते.

तह करून असे ऐक्य साधण्याचा प्रयत्न १६७४ मध्ये झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी (६ जून) हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. मुंबईच्या टांकसाळीत १६७२ पासून इंग्रज नाणी पाडीत होते. ती स्वराज्यात चालावीत व स्वराज्याची नाणी मुंबईत चालावीत, असे कलम त्यांनी तहाच्या मसुद्यात घातले. इतर बहुतेक मागण्या मान्य झाल्या. हे कलम मात्र अनावश्यक ठरविण्यात आले. आपण कोणत्याही नाण्यास बंदी करीत नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही करू शकत नाही. इंग्रजांचे नाणे कसाने व वजनाने मोगल आदींच्या तोडीचे असेल तर ते चालेल, अशा आशयाचे महाराजांचे उत्तर इंग्रजांच्या वृत्तांतात नोंदलेले आहे. ज्या राजाने स्वतःचे होन व शिवराई पाडून आपले स्वातंत्र्य जाहीर केले, त्यानेच परक्या नाण्याला केवळ कसाची अट घालावी, हे विशेष होय. नाण्याची किंमत हुकुमाने ठरत नाही, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

इंग्रजांना पुढे दुसऱ्या बाजूने अडचण आली. विल्यम व मेरी यांच्या नावांचे फार्सी लेख असलेले रुपये त्यांनी मुंबईत पाडले. मोगल मुलखात हा बादशहाच्या अधिकाराचा अधिक्षेप समजला गेला व खाफीखान याने त्यावर रोष व्यक्त केला. अखेर १७१७ मध्ये फर्रुखसियरच्या फर्मानानंतर कंपनीने बादशहाच्याच नावाने रुपये पाडण्याचा मार्ग धरला. नाव सोडले, पण बाजार मिळाला.

लहान संस्थानांची स्थिती निराळी होती. आंग्र्यांचा अलिबागी रुपया व जंजिऱ्याच्या सिद्दीचे नाणे ही त्या घराण्यांच्या दर्जाची खूण होती. शिवाय टांकसाळ हे उत्पन्नाचेही साधन होते. धातूतील चांदी घटविली की तिजोरीत भर पडे, पण तोटा शेतकऱ्यास व शेजारच्या व्यापाऱ्यास बट्ट्याच्या रूपाने सोसावा लागे. जंजिऱ्याचे नाणे असेच हिणकस झाले होते. १८३४ मध्ये ब्रिटिश सरकारने जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचे जाहीर केले आणि त्या अधिकारात तेथील टांकसाळ बंद केली. तक्रार खरी होती. तथापि उपाय योजताना सिद्दीचे स्वातंत्र्यही निकालात निघाले, हे उघड आहे.

पुढील वर्षी, १८३५ च्या कायद्याने, १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखांत लागू झाला व त्यावरून मोगल बादशहाचे नाव गेले. आंग्रे घराण्याचा दत्तकाधिकार नाकारून १८४० मध्ये कुलाबा खालसा करण्यात आला, तेव्हा अलिबागी नाण्यामागील राजसत्ताच उरली नाही. १८७६ च्या देशी नाणी कायद्यान्वये संस्थानिकांना आपली नाणी ब्रिटिश टांकसाळीत पाडून घेण्याची मुभा मिळाली. अलवर व बिकानेर यांनी तिचा उपयोग केला.

युरोपातही हेच पेच आढळतात. १८६५ च्या लॅटिन चलनसंघास पोपच्या राज्याने हलकी नाणी पाडून उपद्रव दिला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या युरोच्या बाबतीत नाणे सामाईक, पण कर व खर्च राष्ट्रीय सरकारांच्या हाती अशी रचना असल्याने २०१५ मध्ये ग्रीसमध्ये सार्वमतापर्यंत प्रसंग आला. जंजिऱ्याला सार्वमताची मुभा नव्हती. टांकसाळ गेल्यानंतरही ते संस्थान म्हणून शतकाहून अधिक काळ टिकले व १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.