बंधू, मंडळी आणि मर्यादित : महाराष्ट्रातील उद्योगसंस्थांच्या स्ववर्णनातील शब्द व अर्थच्छटा

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरातील पुंडलिकनगरसारख्या निवासी वसाहतीत एखाद्याच्या नोकरीची चौकशी केली असता ‘कंपनीत आहे’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते. चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंतचा कोणताही कारखाना या शब्दात सामावतो. मात्र कंपन्या स्वतःला केवळ ‘कंपनी’ म्हणवून घेण्यावर कधीच समाधानी राहिलेल्या नाहीत. त्यांनी स्वतःस बंधू म्हटले, मंडळी म्हटले, स्वदेशी म्हटले, सहकारी म्हटले. यांतील प्रत्येक शब्द कोणाशी तरी नाते सांगतो. हे नाते संस्थेच्या कायदेशीर रचनेत कितपत उतरले होते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

‘कंपनी’ व ‘मंडळी’ :

मराठी भाषेत ‘कंपनी’ हा शब्द प्रथम रूढ झाला तो व्यापारी संस्थेपेक्षा राज्यसत्तेचा वाचक म्हणून. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर ‘कंपनी सरकार’ हा शब्दप्रयोग पश्चिम महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपुष्टात येईपर्यंत त्यात हुकमतीची छटा कायम होती. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथे ईस्ट इंडिया कंपनीचे थेट राज्य नव्हते. येथील बोलीत ‘कंपनी’ शब्द आज रोजगाराशी इतका एकजीव झालेला दिसतो, त्यामागे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींचा वाटा मोठा आहे.

सत्तेचा वास असलेल्या या शब्दाला मराठी व्यावसायिकांनी एक घरगुती पर्याय शोधला, तो म्हणजे ‘मंडळी’. ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ हे मुंबईच्या ग्रंथप्रकाशकाचे नाव किंवा १८८० मध्ये उभी राहिलेली ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. मंडळी म्हणजे जमलेली माणसे, घरातील माणसे. जुन्या बोलण्यात तर ‘आमची मंडळी’ म्हणजे पत्नी. ‘अँड कंपनी’चे इतके जिव्हाळ्याचे भाषांतर अन्य भाषांत क्वचितच झाले असेल. तथापि नाटक मंडळीत मालक आणि पगारी नट हा भेद होताच, आणि तो या शब्दाने झाकला जात असे.

बंधुत्व आणि मर्यादा :

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. थोरले बंधू रामूअण्णा यांची साथ असल्याने ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव वस्तुस्थितीचे निदर्शक होते, त्यात अतिशयोक्ती नव्हती. १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर कारखाना हलला आणि त्या वसाहतीला ‘किर्लोस्करवाडी’ हे नाव मिळाले. येथील ‘वाडी’ हा शब्दही लक्षणीय आहे. वाडीत शेजार असतो, एकमेकांची सुखदुःखे असतात. नावापुरते तरी कामगार हे वाडीचे रहिवासी ठरले.

१९२० मध्ये या संस्थेची मर्यादित कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ हे नाव अस्तित्वात आले. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. नावातील दोन शब्दांचा शेजार विचार करण्याजोगा आहे. बंधुत्वाला मर्यादा नसते, अशी सामान्य समजूत आहे. ‘लिमिटेड’ हा शब्द मात्र भागधारकाचे दायित्व त्याच्या भागाच्या रकमेपुरते सीमित करतो. भारतात या तत्त्वाला १८५७ च्या कायद्याने वाट मिळाली होती. मराठीत त्याचा ‘मर्यादित’ असा अनुवाद झाला आणि ‘मर्यादा’ या शब्दातील शालीनतेची छटाही त्याला आपसूक लाभली. जो शब्द वस्तुतः धनकोला सावधगिरीची सूचना देतो, तो मराठी कानाला सभ्य वाटू लागला.

‘बंधू’ शब्दाची दुसरी बाजू मराठी माणसाला वेगळी सांगण्याची गरज नाही, कारण ‘भाऊबंदकी’ हा शब्दही याच भाषेने घडविला आहे. जुलै २०२१ मध्ये किर्लोस्कर समूहातील काही कंपन्यांनी नवे बोधचिन्ह स्वीकारले. तेव्हा सुमारे १३० वर्षांचा वारसा कोणी सांगावा, यावरून किर्लोस्कर ब्रदर्सने ‘सेबी’कडे तक्रार केली; इतर कंपन्यांनी आक्षेप फेटाळले. हा वाद स्ववर्णनातील एका शब्दाच्या हक्काविषयी होता, ही बाब अभ्यासकांसाठी महत्त्वाची आहे.

स्वदेशी ते सहकारी :

स्वदेशीच्या चळवळीत नात्याचा परीघ राष्ट्रापर्यंत विस्तारला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘पैसा फंडा’ने तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना काढला. भांडवल कोठून आले, हे संस्थेच्या नावातच सांगितलेले असणे दुर्मीळच. वालचंद हिराचंद यांनी पुढे ‘हिंदुस्थान’ हा शब्द बांधकाम (१९२६) व विमाननिर्मिती (१९४०) या उद्योगांच्या नावांत आणला. गंमत अशी की, १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीचे जे जहाज ब्रिटिश मक्तेदारीला आव्हान देत निघाले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, असे होते! ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडून आलेले जुने नाव होते.

या सर्व शब्दांत ‘सहकारी’ हा शब्द वेगळा पडतो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा येथे उभ्या राहिलेल्या साखर कारखान्यात ऊस उत्पादक हा ‘भागधारक’ असूनही ‘सभासद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. हा फरक वरवरचा नव्हता. कंपनीत मताचे वजन भागांच्या संख्येवर ठरते; सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, प्रत्येक सभासदास एकच मत. म्हणजे येथे नात्याच्या शब्दामागे कायदा उभा होता. प्रत्यक्षात सत्ता मोजक्या घराण्यांकडे एकवटली, ही टीका रास्त आहे. तरीही वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून हिशेब विचारण्याचा अधिकार सभासदाकडे राहिला. पुढील काळात कर्जबाजारी झालेले अनेक सहकारी कारखाने विक्रीस निघाले व खाजगी कंपन्यांकडे गेले. नावातून ‘सहकारी’ हा शब्द गळाला, तेव्हा उसाचे क्षेत्र तेच राहिले, परंतु शेतकरी सभासदाचा पुरवठादार झाला.

वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ ही जाहिरात देशभर पोहोचली. हे ‘हमारा’ ग्राहकाच्या तोंडी होते. कारखान्यात राबणाऱ्याविषयी ते काही सांगत नव्हते. आज या औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगारही घरी ‘कंपनीत आहे’ असेच सांगतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचा थेट मालक कंत्राटदार असतो, आणि वेतनाची तक्रार करावयाची झाल्यास त्याला प्रथम त्याच्याकडेच जावे लागते.