हरवलेला 'आर'

इंग्रजी पाचवीपासून शिकलेल्या आम्हा मराठी माध्यमवाल्यांना स्पेलिंगचा धाक जन्मभर पुरतो. 'रिफर' हा शब्द घ्या. डॉक्टर पेशंटला रिफर करतात, ग्रंथालयातलं रेफरन्सचं पुस्तक घरी नेता येत नाही, नोकरीसाठी ओळखीतून रेफरल मिळतं. मूळ लॅटिन अर्थ 'परत वाहून नेणे'. अर्थ सोपा, पण 'रिफर्ड'मध्ये मधला आर दोनदा आणि 'रेफरन्स'मध्ये एकदाच! आघात 'फर'वर राहिला तर आर दुप्पट, पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकला तर एकच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आम्ही पाठ करत राहिलो.

म्हणूनच परदेशातल्या माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर प्रोग्रॅममध्ये 'रेफरर' शब्द चुकीचा, मधल्या एकाच आरने लिहिलेला दिसला, तेव्हा मला कोण आनंद झाला! इंग्रजांची चूक आपण सुधारायची! रात्रीच दुरुस्त करून टाकली. सकाळी ग्राहकाच्या रिपोर्टमधला एक अख्खा रकाना कोरा. वेबसाइटवर आलेली माणसं कुठल्या पानावरून आली तेच कळेना. दीड दिवस मी डोकं खाजवत होतो. शेवटी टीम लीडने हसत हसत एक दस्तऐवज पुढे ठेवला.

तो होता आरएफसी १९४५, मे १९९६चा. ब्राउझर आणि सर्व्हरने एकमेकांशी कसं बोलायचं, ते एचटीटीपी १.० चे नियम त्यात आहेत. लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर नव्या सर्व्हरला 'मी अमुक पानावरून आलो' असं कळवतो. ही सोय सुचवली फिलिप हॅलम-बेकर यांनी, आणि सुचवतानाच एक आर गळला. युनिक्सवरच्या स्पेलिंग तपासणाऱ्या 'स्पेल' प्रोग्रॅमला म्हणे बरोबर शब्दही ठाऊक नव्हता आणि चुकीचाही. मग पकडणार कोण? १९९५ सालीच रॉय फील्डिंग यांनी हे मेलमध्ये लिहून ठेवलंय. पण तोवर ब्राउझर आणि सर्व्हर त्याच स्पेलिंगवर चालू लागले होते. दोन्ही बाजूंचं अक्षर न् अक्षर जुळायला हवं. एकाने शुद्ध लिहिलं तर दुसऱ्याला काहीच समजणार नाही. माझंही तेच झालं होतं.

पुढे १९९९च्या नियमांत स्पेलिंग चुकल्याची सरळ कबुली आली. २०२२च्या आरएफसी ९११० मध्येही शब्दापुढे 'मुळात असंच' अशी खूण आहे. चूक मात्र जागच्या जागी!

खरी गंमत पुढेच. जावास्क्रिप्टमध्ये हाच शब्द दोन आरने, म्हणजे बरोबर लिहावा लागतो. नंतर आलेल्या 'रेफरर पॉलिसी'तही दोनच. म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये कुठे शुद्ध लिहायचं आणि कुठे अशुद्ध, हे लक्षात ठेवायचं.

तेही मी पाठच केलंय.