निंबाळकरांच्या नऊ धावा

मंडळी, बारामती-इंदापूरकडं खेळ म्हटलं की आधी कुस्ती, मग कबड्डी. पण 2020च्या फेब्रुवारीत इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्राचा रणजी सामना झाला. म्हणून आज याच संघाची, याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो.

डिसेंबर 1948. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. मूळचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. कमल भांडारकरांनी 205 काढल्या. दोघांची भागीदारी 455ची. महाराष्ट्र 4 बाद 826, निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा 1930चा जागतिक विक्रम होता नाबाद 452. म्हणजे बरोबरीला फक्त नऊ धावा हव्या होत्या!

आणि इथंच घोटाळा झाला. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकूरसाहेब. त्यांनी डाव सोडायला सांगितलं, आणि विक्रमासाठी थोडा वेळ मागितला तरी ते ऐकेनात. आपला संघ घेऊन ते चक्क निघून गेले. सामना महाराष्ट्राला मिळाला, विक्रम राहिला तो राहिलाच.

आता बघा, 443 ही आजही रणजीतली सर्वोच्च खेळी आहे. तरी निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. 2012 साली ते गेले.

आपण खेळाडूची कारकीर्द त्याच्या आकड्यांवरून मोजतो. पण त्यातले काही आकडे कप्तान ठरवतात, काही निवड समिती. कुणाच्या नावापुढं काय नाही हे वाचताना, ते कुणाच्या हातात होतं एवढं जरूर विचारा.